लोणी, माकडे आणि मॅकॅरिसन

रक्ततपासणीचा कागद हाती पडला की शहरी माणसाची नजर प्रथम कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते आणि मग घरात तुपाच्या बरणीवरून वाद सुरू होतो. तूप खावे की सोडावे, शेंगदाण्याचे तेल चालेल की नाही, अंड्यातले पिवळे टाकून द्यायचे का, या प्रश्नांवर वैद्यकाने गेल्या अर्धशतकात दिलेली उत्तरे अनेकदा बदलली. या वादाचा माग काढत मागे गेले तर निलगिरीच्या डोंगरातील कुन्नूर या गावी येऊन थांबावे लागते. तेथे एका आयरिश लष्करी डॉक्टरने प्रथम माकडांना आणि नंतर हजारो उंदरांना वेगवेगळे अन्न खाऊ घालून त्यांच्या शरीराचे काय होते हे पाहिले. सर रॉबर्ट मॅकॅरिसन हे त्याचे नाव. कोलेस्टेरॉल हा काही मॅकॅरिसन यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. पण ताटातील स्निग्ध पदार्थाचा न्याय एकट्यादुकट्याने करता येत नाही, त्याच्या शेजारी ताटात काय वाढले आहे हे पाहावे लागते, ही गोष्ट भारतात प्रयोगाने दाखवून देणारे ते पहिले मोठे संशोधक होत. त्यांच्या पिंजऱ्यांच्या रांगेत एक पिंजरा मराठी माणसाच्या जेवणाचाही होता.

मॅकॅरिसन यांचा जन्म १५ मार्च १८७८ रोजी उत्तर आयर्लंडमधील पोर्टाडाउन येथे झाला. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातून १९०० साली वैद्यकाची पदवी घेऊन ते पुढच्याच वर्षी इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या काळी या सेवेत आलेल्या तरुण डॉक्टरापुढे दोन वाटा असत. छावणीतील पलटणीची प्रकृती सांभाळत बढत्या घेत जाणे ही एक, आणि मिळेल त्या आडबाजूच्या ठाण्यावर काही शोधाचे काम हाती घेणे ही दुसरी. मॅकॅरिसन यांची नेमणूक वायव्य सरहद्दीवरील चित्रळला झाली आणि त्यांनी दुसरी वाट धरली. तेथील सैनिकांना उन्हाळ्यात तीन दिवसांचा एक ताप येई. हा ताप मलेरियाहून वेगळा आहे हे त्यांनी ओळखले आणि त्याचा संशय वाळूमाशीवर घेतला. पुढे युरोपात झालेल्या संशोधनाने तो संशय खरा ठरवला. त्या वेळी त्यांचे वय तिशीच्याही आत होते.

चित्रळहून ते गिलगिटला गेले. तेथे सुमारे सात वर्षे त्यांनी गलगंडाचा अभ्यास केला. एकाच ओढ्याचे पाणी एकाखाली एक अशा गावांतून वाहत जाते आणि खाली खाली जावे तसे गळा सुजलेल्या माणसांचे प्रमाण वाढत जाते, हे त्यांच्या लक्षात आले. वरच्या गावांची घाण खालच्या गावांच्या पाण्यात मिसळते, तेव्हा रोगाचे कारण त्या घाणीतच असले पाहिजे, असा त्यांनी तर्क बांधला. तो पारखण्यासाठी गढूळ पाण्यातील गाळ त्यांनी स्वतः घेतला आणि स्वेच्छेने पुढे आलेल्या तरुणांनाही दिला. काहींचे गळे सुजले. हा प्रयोग धाडसाचा होता, निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर होता. आयोडीनची कमतरता हे गलगंडाचे मुख्य कारण आहे हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते आणि मिठाच्या पिशवीवर ते छापलेले असते. पण याच कामावर मॅकॅरिसन यांना १९१३ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये मिलरॉय व्याख्याने देण्याचा मान मिळाला. आपल्या गृहीतकाची किंमत आपल्याच शरीराने मोजण्याची त्यांची तयारी या प्रकरणातून दिसते.

गिलगिटच्या पलीकडे हुंझाचे खोरे आहे. तेथील लोकांची काटक शरीरे आणि निरोगी पोटे मॅकॅरिसन यांच्या मनात घर करून राहिली. हुंझाचा शेतकरी आख्ख्या धान्याची भाकरी, भाज्या, जर्दाळू, थोडेसे दूध आणि लोणी एवढ्यावर राही. मांस सणासुदीलाच मिळे. पोटातील व्रण, आंत्रपुच्छाचा दाह असले युरोपात नित्य दिसणारे विकार तेथे जवळजवळ आढळत नाहीत, असे त्यांनी पुढे अमेरिकेतील व्याख्यानात सांगितले. या निरीक्षणाचे पुढे इतरांनी फार मोठे पुराण केले. हुंझाची माणसे सव्वाशे वर्षे जगतात, अशी पुस्तके निघाली. ज्या खोऱ्यात जन्माची नोंदच होत नव्हती तेथे वयाचा हिशेब कोण ठेवणार, हा साधा प्रश्न त्या लेखकांना पडला नाही. जॉन क्लार्क हा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ तेथे राहून आला आणि तेथील आजारपणाविषयी त्याने १९५६ साली लिहिले, तरीही ते पुराण थांबले नाही. या अतिशयोक्तीचा दोष मॅकॅरिसन यांच्याकडे जात नाही.

पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवा संपवून ते भारतात परतले आणि १९१८ साली कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील एका खोलीत बेरीबेरीची चौकशी सुरू झाली. गिरणीत सडलेला, घासून पांढराशुभ्र केलेला तांदूळ खाणाऱ्यांना हा रोग होतो, हे तोवर कळले होते. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी आहे, ते गेले की मज्जातंतू आणि हृदय कोलमडते. त्या ‘काहीतरी’ला व्हिटॅमिन हे नाव पडून सहाच वर्षे झाली होती. बहुतेक संशोधक कबुतरांवर प्रयोग करीत. मॅकॅरिसन यांनीही ते केले, पण त्यांना माणसाच्या जवळचे शरीर हवे होते. म्हणून त्यांनी माकडे घेतली.

हे प्रयोग १९२० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आणि पुढच्या वर्षी त्यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाले. माकडांच्या काही गटांना नेहमीचा ताजा आहार होता. काहींना दाबाच्या वाफेत शिजवून जीवनसत्त्वे नष्ट केलेला पांढरा तांदूळ होता. काहींच्या अशाच तांदळात लोण्याची भर घातलेली होती. लोण्याने तांदळाची उणीव भरून निघावी ही अपेक्षा वरवर पाहता वाजवी होती, कारण लोण्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते. पण तसे घडले नाही. ब आणि क जीवनसत्त्वे ताटात नसताना नुसत्या लोण्याने माकडे सावरली नाहीत. त्यांची भूक गेली, जुलाब लागले, आतड्यांच्या भिंती पातळ पडून फुगल्या, मोठ्या आतड्यास दाह झाला. मॅकॅरिसन यांनी यातून जो निष्कर्ष काढला तो आजही वाचण्याजोगा आहे. जीवनसत्त्वे आणि प्रथिने यांची वाण असलेला, पण पिष्ट किंवा स्निग्ध पदार्थांची, अथवा दोहोंचीही, रेलचेल असलेला आहार हा पोटाच्या विकारांचा मोठा उगम आहे, असे त्यांचे मत झाले. पोट भरलेले, उष्मांक पुरेसे आणि तरीही शरीर उपाशी, ही अवस्था त्यांनी माकडांत पाहिली. भजी, पाव आणि गोड चहा यांवर दिवस काढणाऱ्या आजच्या शहरातील माणसाला ती अनोळखी वाटू नये.

उपासमारीने आणि निकृष्ट आहाराने शरीरातील जवळजवळ सगळे अवयव रोडावत असताना मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी मात्र मोठ्या होतात, हे त्यांचे आणखी एक निरीक्षण होते. त्या ग्रंथी आपले संप्रेरक कोलेस्टेरॉलपासूनच तयार करतात आणि ताणाच्या काळात त्यांचे काम वाढते, हा उलगडा पुढच्या पिढ्यांनी केला. आपल्याकडे कोलेस्टेरॉल हा शब्द शिवीसारखा वापरला जात असल्याने हे सांगणे आवश्यक आहे. पेशींचे आवरण, पित्त, संप्रेरके या साऱ्यांना ते लागते, आणि त्यातले बरेचसे आपले यकृतच बनवते.

मॅकॅरिसन यांचे काम रंगात आले असतानाच सरकारने कात्री चालवली. इंचकेप समितीच्या काटकसरीच्या शिफारशींनंतर १९२३ साली ही चौकशी बंद झाली. काही लाख सैनिकांच्या आणि कोट्यवधी रयतेच्या पोटाशी संबंध असलेले संशोधन हा सरकारला टाळता येण्याजोगा खर्च वाटला, यात नवल नाही. असे निर्णय घेणाऱ्यांची जात पुढेही संपली नाही. १९२५ साली काम पुन्हा सुरू झाले. काही वर्षांतच त्याचे रूपांतर न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेत झाले आणि मॅकॅरिसन तिचे प्रमुख झाले.

या दुसऱ्या पर्वातच त्यांचे ते गाजलेले उंदरांचे प्रयोग झाले. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या प्रांतांतील माणसांच्या शरीरयष्टीत फरक का, हा प्रश्न त्या वेळी राज्यकर्त्यांच्या दृष्टीने लष्करभरतीचा होता. इंग्रजांनी त्याचे उत्तर ठरवून टाकले होते. काही जाती लढाऊ, काही बिगर लढाऊ. आणि हे सारे रक्तातच असते. मॅकॅरिसन यांनी एकाच वंशाचे, एकाच वयाचे आणि सारख्या वजनाचे पांढरे उंदीर घेतले, त्यांचे सात गट पाडले आणि एकेका गटाला शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली आणि मद्रासी माणसाचे जेवण त्या त्या पद्धतीने शिजवून दिले. ठरावीक मुदतीनंतर वजने केली. शीख आहारावरील उंदीर सरासरी २३५ ग्रॅम भरले, पठाणी आहारावरील २३० आणि मराठा आहारावरील २२५. गुरखा गट २००वर होता, कानडी १८५वर, बंगाली १८०वर, आणि मद्रासी आहाराचे उंदीर १५५ ग्रॅमवरच राहिले. रक्त सगळ्यांचे एकच होते. बदलले होते ते केवळ अन्न.

स्वतः मॅकॅरिसन त्या काळच्या भाषेप्रमाणे ‘वंश’ हाच शब्द वापरीत राहिले आणि भरतीच्या धोरणावर त्यांनी शस्त्र उगारले नाही. तरी लढाऊ जातींच्या सिद्धांताला यापेक्षा नेमका छेद कोणी दिला असेल असे वाटत नाही. वायव्येकडून आग्नेयेकडे जावे तसा गहू मागे पडून तांदूळ येतो, दूध आणि तूप कमी होते, भाज्या आणि डाळीही ताटातून उतरतात. शरीरयष्टीचा आलेख त्याच क्रमाने खाली येतो, एवढेच त्यांनी दाखवले. त्यात मराठी जेवणाला तिसरा क्रमांक मिळाला याचा आनंद मानताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ‘मराठा’ म्हणजे येथे पलटणीत भरती होणाऱ्या मराठी शेतकऱ्याचे ताट. पुण्या-मुंबईच्या चाळीतले नव्हे, आणि सातपुड्याच्या पायथ्याचे तर मुळीच नव्हे.

त्या वेळच्या पश्चिम खानदेशात आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यात असलेल्या नवापूर तालुक्याचे उदाहरण घेता येईल. शहरी वाचकाला नवापूर आठवते ते फेब्रुवारी २००६मधील बर्ड फ्लूमुळे. देशातला त्या रोगाचा पहिला उद्रेक तेथे झाला आणि लक्षावधी कोंबड्या मारून पुरल्या गेल्या; अंड्यांच्या कोलेस्टेरॉलपेक्षा त्यांच्या निर्धोकपणाचीच चर्चा तेव्हा घराघरांत झाली. पण त्या कुक्कुटपालन केंद्रांच्या कितीतरी आधीपासून तेथील मावची, कोकणा आणि भिल्ल कुटुंबांचे स्वतःचे ताट होते. ज्वारी-नागलीची भाकरी, तुरीची डाळ, रानभाज्या, नदीतले मासे आणि मोहाच्या बियांचे तेल. नवापूरच्या तूरडाळीला पुढे भौगोलिक मानांकनही मिळाले. मोहाचे तेल थंडीत थिजते, कारण तुपाप्रमाणे त्यातही संपृक्त मेदाम्लांचा वाटा मोठा असतो. म्हणजे केवळ तेलाची बाटली पाहून निकाल द्यायचा तर हे ताट हृदयाला वाईट म्हणावे लागेल. पण ते तेल आख्ख्या भरडधान्याबरोबर, डाळीबरोबर, रानातल्या पाल्याबरोबर आणि तेही बेताने खाल्ले जाई. मॅकॅरिसन यांच्या सात पिंजऱ्यांत हे ताट नव्हते, कारण पलटणींच्या नोंदवहीत ही माणसे नव्हती. नंदुरबारचे नाव पुढे कुपोषणाच्या बातम्यांत वारंवार येत राहिले. तेव्हा तेथील मूळ ताटातून काय कमी होत गेले, हे कुन्नूरच्या पद्धतीने पाहण्याची गरज होती.

सात आहारांपैकी सर्वांत सरस ठरलेला शीख आहार मॅकॅरिसन यांनी आपल्या प्रयोगशाळेतील साऱ्या निरोगी उंदरांना लावला. ताजे लोणी लावलेल्या आख्ख्या गव्हाच्या पोळ्या, मोड आलेले हरभरे, कच्चे गाजर आणि कोबी, दूध, आठवड्यातून एकदा हाडासह थोडे मांस आणि पाणी. स्वच्छ पिंजरे, ऊन, वारा. सव्वादोन वर्षे, म्हणजे माणसाच्या हिशेबाने पन्नाशीपर्यंत, त्यांनी या हजाराहून अधिक उंदरांवर नजर ठेवली आणि मेलेल्या वा मारलेल्या जनावरांची चिरफाड करून पाहिले. अपघात सोडले तर आजार जवळजवळ नव्हता. त्याच छपराखाली निकृष्ट आहारांवर ठेवलेल्या दोन हजारांहून अधिक उंदरांत मात्र फुप्फुसापासून मूत्राशयापर्यंत शरीराच्या प्रत्येक भागाचे विकार सापडले. दूध-लोण्यातील अ जीवनसत्त्व काढून घेतले की मूत्राशयात खडे होतात, हे त्यांनी याच काळात दाखवले.

एक प्रयोग त्यांनी आपल्या देशबांधवांवर बेतला. इंग्लंडमधील गरीब वर्गाचा आहार त्यांनी एका गटाला दिला. पांढरा पाव, मार्गारिन, डब्यातले मांस, सोडा घालून उकडलेल्या भाज्या, स्वस्त जॅम, साखर आणि नावाला दूध घातलेला चहा. हे उंदीर खुजे राहिले, चिडखोर झाले, राखणदारांना चावू लागले आणि साठाव्या दिवसापासून दुबळ्यांना मारून खाऊ लागले. येथेही स्निग्ध पदार्थ होता आणि शीख ताटातही होता. एकाचे नाव मार्गारिन, दुसऱ्याचे लोणी. परंतु फरक एवढ्यावर संपत नव्हता. एका ताटात लोण्याच्या शेजारी कोंड्यासह गहू, मोड आलेले कडधान्य आणि कच्ची भाजी होती. दुसऱ्यात मार्गारिनच्या शेजारी साखर आणि मैदा.

मॅकॅरिसन यांच्या पुराव्याला एक मर्यादा होती आणि ती त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. उंदीर हा प्राणी कोलेस्टेरॉलच्या बाबतीत मोठा भाग्यवान आहे. त्याचे यकृत जादा कोलेस्टेरॉलचे झपाट्याने पित्तात रूपांतर करून ते बाहेर टाकते. त्यामुळे कितीही लोणी खाल्ले तरी त्याच्या रक्तवाहिन्या सहसा बुजत नाहीत. सशाचे नेमके उलट. रशियातील निकोलाय अनिचकोव्ह यांनी १९१३ साली, म्हणजे मॅकॅरिसन मिलरॉय व्याख्याने देत होते त्याच वर्षी, सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना देऊन त्यांच्या रोहिण्यांत मेदाचे थर निर्माण करून दाखवले होते. पण ससा शाकाहारी, त्याला कोलेस्टेरॉल पचवण्याची सवय नाही, म्हणून त्या प्रयोगाकडे कित्येक वर्षे दुर्लक्ष झाले. उंदराने निर्दोष म्हणायचे आणि सशाने दोषी, तेव्हा खरी साक्ष हवी होती ती माणसाच्या जवळच्या नातलगाची. कुन्नूरची माकडे ती देऊ शकली असती, पण ती आठवड्यांच्या हिशेबातच जगली. रोहिण्यांचा रोग व्हायला महिने आणि वर्षे लागतात.

ती साक्ष अमेरिकेत निघाली. १९५३ साली हार्वर्डमधील जॉर्ज मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण अमेरिकेतील सेबस माकडांना कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिला आणि त्याच वेळी प्रथिनांतील गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी केली. माकडांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल प्रचंड वाढले आणि रोहिण्यांत थर साचले. मिथिओनिन किंवा सिस्टिन परत देताच कोलेस्टेरॉल उतरू लागले. ताटातील मेद तोच, पण शेजारचे प्रथिन बदलले आणि निकाल बदलला. कडधान्यांत मिथिओनिन कमी आणि तृणधान्यांत तुलनेने जास्त असते. भाकरी-डाळ किंवा वरण-भात एकत्र खाण्याची आपली जुनी पद्धत ही उणीव सहज भरून काढते. हेच मान पुढे आफ्रिकेतील मसाई लोकांत गेले आणि दूध-मांसावर जगणाऱ्या त्या माणसांचे कोलेस्टेरॉल कमी असल्याचे त्यांना आढळले. त्यानंतर ते मेदविरोधी मोहिमेचे कडवे टीकाकार झाले.

भारतातून निर्यात होणारी ऱ्हीसस माकडे या संशोधनाचा मोठा आधार होती. १९७८ साली मोरारजी देसाई सरकारने ती निर्यात बंद केली. त्याआधी, १९७० साली, आयोवा येथील संशोधकांनी ऱ्हीसस माकडांना १७ महिने अंड्याच्या पिवळ्या बलकाचा भरपूर आहार देऊन त्यांच्या हृदयरोहिण्या अरुंद केल्या. नंतर ४० महिने कमी कोलेस्टेरॉलचा आहार दिला तेव्हा त्या बऱ्याच अंशी पुन्हा मोकळ्या झाल्या. जडलेला रोग आहाराने मागे हटू शकतो, ही त्या काळी मोठी बातमी होती. १९७४मध्ये शिकागोच्या प्रयोगात खोबरेल, लोणी आणि शेंगदाण्याचे तेल यांची ऱ्हीससमध्येच तुलना झाली. शेंगदाणा तेलावरील माकडांचे कोलेस्टेरॉल इतर दोन गटांपेक्षा कमी राहिले, परंतु त्यांच्या रोहिण्यांतील थर मात्र अधिक तंतुमय आणि कठीण निघाले. रक्तातील आकडा आणि रोहिणीची अवस्था दर वेळी एकमेकांचा हात धरून चालत नाहीत, हे त्यातून दिसले. मात्र या सर्व माकडांच्या खाण्यात जादा कोलेस्टेरॉल मुद्दाम मिसळलेले होते, हे विसरून खानदेश-विदर्भातल्या फोडणीला लगेच दोषी ठरवणे अन्यायाचे होईल.

शरीरात काय घडते, याचा उलगडा ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांनी केला. त्यांना १९८५चे नोबेल पारितोषिक मिळाले. यकृताच्या पेशींवर रक्तातील कोलेस्टेरॉलवाहू कण टिपणारी जणू दारे असतात. संपृक्त मेद जास्त झाला की ही दारे कमी होतात आणि ते कण रक्तातच फिरत राहतात. असंपृक्त तेलांनी ती वाढतात. धान्याचा कोंडा, डाळी आणि भाज्यांतील विद्राव्य तंतू आतड्यातले पित्त बांधून बाहेर नेतात. नवे पित्त बनवण्यासाठी यकृताला रक्तातूनच कोलेस्टेरॉल खेचून घ्यावे लागते. लोणी अतिरेकाने खाल्ले तर अपायच करते, हे यावरून स्पष्ट आहे. मॅकॅरिसन यांच्या उंदरांचा दाखला देऊन तुपाचे डबे रिचवणाऱ्यांनी हा भाग जरूर वाचावा. परंतु त्याच लोण्याबरोबर आलेला कोंडा आणि भाजी हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला उभी असतात, हेही तितकेच खरे.

मॅकॅरिसन यांनी १९२६च्या सुमारास आणखी एक दिशा धरली होती. शेणखतावर वाढवलेले धान्य आणि रासायनिक खतावर वाढवलेले धान्य यांचे पोषणमूल्य सारखे असते का, हे त्यांनी बाजरीसारखी भरडधान्ये आणि गहू यांवर तपासले आणि शेणखताच्या बाजूने कौल दिला. इंदूरला कंपोस्टचे काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांना त्याचा फार आधार वाटला. या विषयातला वाद मात्र मिटलेला नाही. शाळांसाठी त्यांनी १९२८ साली आहारावर एक सोपे पुस्तक लिहिले. गांधीजींनीही आहारविषयक लेखनात त्यांचा आधार घेतला.

१९३३ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९३५ साली ते निवृत्त होऊन इंग्लंडला गेले. दुसऱ्या वर्षी लंडनमधील कँटर व्याख्यानांत त्यांनी आयुष्यभराचे काम एकत्र मांडले. इंग्रज श्रोत्यांपुढे त्यांनी आदर्श म्हणून ठेवले ते पंजाबातल्या शेतकऱ्याचे जेवण. साम्राज्याच्या राजधानीत उभे राहून असे सांगणे त्या काळी सोपे नव्हते.

कुन्नूरची धुरा त्यांच्यानंतर वॉलेस ऐक्रॉइड यांच्याकडे गेली आणि भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पहिली मोठी कोष्टके १९३७ साली तेथूनच निघाली. पुढे या संस्थेशी मराठी नावे जोडली गेली. केंब्रिजहून पदवी घेऊन आलेल्या कमला भागवत, म्हणजे नंतरच्या कमला सोहोनी, काही काळ तेथे साहाय्यक संचालक होत्या. स्वातंत्र्याच्या सुमारास संचालकपदी आलेले डॉ. विनायक नारायण पटवर्धन हे कुन्नूरचे पहिले मराठी प्रमुख. त्याच सुमारास वनस्पती तुपाचा वाद देशभर पेटला होता. गांधीजींचा त्याला कडाडून विरोध होता आणि देशातील प्रयोगशाळांतून त्याच्या चाचण्या चालल्या होत्या. त्या चाचण्यांनी वनस्पती तुपाला मोठेसे दोषी ठरवले नाही. त्यातील ट्रान्स मेद हृदयाला किती घातक आहे हे कळायला आणखी काही दशके जावी लागली आणि तेल-तुपातील ट्रान्स मेदावर दोन टक्क्यांची मर्यादा भारतात जानेवारी २०२२पासून लागू झाली. ज्या प्राण्यावर तपासावे त्या प्राण्याच्या मर्यादेतच उत्तर मिळते, हा कुन्नूरच्या उंदरांचा धडा येथेही लागू पडतो.

मॅकॅरिसन यांनी उतारवयाची वर्षे ऑक्सफर्डमध्ये घालवली. तेथे १९४५पासून दहा वर्षे ते पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाचे प्रमुख होते. कुन्नूरची संस्था १९५८ साली हैदराबादला हलली आणि १९६९मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. हैदराबादची इमारत उभी राहून दोन वर्षे होतात न होतात तोच, १९६०च्या मे महिन्यात, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी मॅकॅरिसन यांचे निधन झाले.